माठातलं पाणी, एन्ट्रॉपी आणि ऊर्जेची वाटणी : सगळ्या कणांना सारखं मिळते का?

अरुणावती
नमस्कार मंडळी. मी दिग्रसकडच्या एका खेड्यात अकरावी-बारावी सायन्सच्या शिकवण्या घेते. सध्या थर्मोडायनॅमिक्स चालू आहे, बाहेर ४४ अंश, आणि पोरांचं अर्धं लक्ष कोपऱ्यातल्या माठाकडे. त्यातल्याच एका मुलीनं विचारलं, मॅडम, दुसरा नियम म्हणते एन्ट्रॉपी वाढते, ऊर्जा पसरत जाते आणि शेवटी सगळीकडे सारखी होते, मग माठातलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा थंड होतेच कसं? त्याची एन्ट्रॉपी तर कमी झाली ना?

आणि दुसरं तिनं विचारलं नाही पण माझ्याच मनात आलं. आपण शिकवतो की जास्त ऊर्जेचे रेणू उडून जातात म्हणून मागं उरलेलं पाणी थंड पडते. पण ऊर्जा जर सगळ्यांत सारखी वाटली जात असेल तर हे जास्त ऊर्जेचे रेणू येतात कुठून?

"एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्था" हे उत्तर प्लीज नको, ते पुस्तकात आहेच आणि त्यानं ह्या दोन्ही प्रश्नांचं काही होत नाही. मुलांना वहीत हातानं मोजता येईल असं काही सांगा.

कापूसवेचा
ताई एवढ्या तपनीत तुमच्या पोट्ट्यायले असे प्रश्न सुचून राह्यले म्हंजे माठ चांगलाच थंडा असन. वाचून राह्यलो, उत्तराची वाट पाहतो.

खारपाणपट्टा
माह्या मते सोपं आहे. चार भाऊ आहेत, घरात युरियाच्या चार बोऱ्या आल्या. एकानं चारही उचलल्या तर भांडण, प्रत्येकानं एकेक घेतली तर शांतता. निसर्गही तसाच. तापलेला तवा पाण्यात बुडवला की तव्याची ऊर्जा पाण्यात जाते, दोघं सारखे गरम झाले की थांबते. सारखी वाटणी म्हंजेच जास्तीत जास्त एन्ट्रॉपी. माठाचं कसं काय थे मात्र मले सांगता नाही येत.

गुर्जी_निवृत्त
खारपाणपट्टा भाऊंच्याच बोऱ्या घेतो, कारण मोजायला चार हा आकडा फार चांगला आहे. फक्त भावांच्या जागी कण आणि बोरीच्या जागी ऊर्जेचा पुंज. पुंज अर्धा होत नाही, एक तर पूर्ण मिळते नाही तर नाही. आणि महत्त्वाचं म्हणजे कणांना भांडण, न्याय, समजूत काही नसते, ते फक्त एकमेकांवर आदळतात आणि प्रत्येक धडकेत पुंज इकडचा तिकडे जातो.

आता चार कण अ, ब, क, ड आणि चार पुंज. किती प्रकारे वाटता येतात ते वहीत लिहा. चारही एकाकडेच : ४ प्रकार. एकाकडे तीन आणि दुसऱ्याकडे एक : १२ प्रकार. दोघांकडे दोन-दोन : ६. एकाकडे दोन, दोघांकडे एकेक आणि चौथा कोरडा : १२. आणि प्रत्येकाला एकेक : फक्त १. बेरीज ३५.

म्हणजे पहा, सारखी वाटणी ३५ पैकी एकदाच येते. उरलेल्या ३४ प्रकारांत कोणीतरी एक तरी कोरडा आहेच. धडका चालू असताना कोणत्याही क्षणी डोकावून पाहिलं तर सगळ्यांकडे सारखं दिसण्याची शक्यता पस्तिसात एक.

ह्या ३५ लाच पुस्तकात डब्ल्यू म्हणतात आणि एन्ट्रॉपी म्हणजे के गुणिले त्याचा नैसर्गिक लॉग. के हा बोल्ट्झमनचा स्थिरांक, १.३८ × १०⁻²³ जूल प्रति केल्विन. एन्ट्रॉपी ही कोणत्या एका वाटणीची नाहीच, एकूण किती प्रकारे वाटणी होऊ शकते त्याचा तो हिशेब आहे. मुलांच्या डोक्यात एवढं एक बसलं ना ताई, की पुढचा अर्धा धडा आपोआप सुटतो.

अरुणावती
गुरुजी धन्यवाद, आत्ता वहीवर करून पाहिलं, ३५ च येतात. मग मी एक वेगळी मोजणी केली, फक्त अ ह्या एकाच कणाकडे पाहिलं. तो कोरडा असलेले प्रकार १५, त्याच्याकडे एक पुंज असलेले १०, दोन असलेले ६, तीन असलेले ३ आणि चारही असलेला १. म्हणजे जास्त ऊर्जा मिळण्याची पाळी झपाट्यानं कमी होत जाते पण शून्य होत नाही. हे पाहून मला खरंच आनंद झाला, कारण माझे "जास्त ऊर्जेचे रेणू" इथंच सापडले ना?

गुर्जी_निवृत्त
अगदी इथंच. १५, १०, ६, ३, १ ही उतरण म्हणजेच बोल्ट्झमन वाटणीचं लहान रूप. कणांची संख्या वाढवत गेलं की ती घातांकी होते, म्हणजे ऊर्जेची प्रत्येक पायरी चढताना संख्या ठरावीक पटीनं घटते. तापमान जेवढं जास्त तेवढी ही उतरण हळू. तापमान म्हणजे काय ह्याचं उत्तरही त्या उतरणीतच आहे.

खारपाणपट्टा
थांबा गुरुजी, मंग तवा आन् पाणी सारखे गरम काहून होतात? तुमच्या हिशोबानं तं सारखं होनं सगळ्यात दुर्मिळ. पण आमच्या घरी तं रोज सारखंच होते. माहं इथंच अडलं.

धानपट्टा
रास्त प्रश्न आहे. मी साकोलीकडचा, शिक्षण इंजिनिअरिंगचं, आणि मला हे कण मोजणं नेहमीच जरा जास्तीचं वाटत आलं. क्लॉसियसनं १८६५ मध्ये एन्ट्रॉपी हे नाव दिलं तेव्हा त्याच्या व्याख्येत कण नव्हतेच. उष्णता भागिले तापमान, बस. गरम वस्तूतून थोडी उष्णता गेली तर तिचा भागाकार लहान, कारण भाजक मोठा. तीच उष्णता थंड वस्तूत आली तर भागाकार मोठा. म्हणून एकूण वाढ. तापमान सारखं झालं की वाढ थांबते. भट्टी, इंजिन, फ्रीज सगळं एवढ्यावर चालते, मुलांना एवढं पुरे नाही का?

मेळघाटी
धानपट्टा भाऊ, भट्टी चालवायला पुरते, पण उष्णता गरमकडून थंडकडेच का जाते ह्याचं कारण त्यात नाही. क्लॉसियसनं नियम सांगितला, त्याच्या मागचं मोजमाप बोल्ट्झमननं १८७७ मध्ये दाखवलं. त्या काळी अणू खरंच असतात हे मानायला माखसारखे मोठे शास्त्रज्ञ तयार नव्हते, आणि हा माणूस न दिसणाऱ्या कणांच्या वाटण्या मोजून उष्णतेचा नियम काढत होता. १९०६ मध्ये दुइनोला त्यानं स्वतःचा जीव घेतला. व्हिएन्नातल्या त्याच्या समाधीवर एस बरोबर के लॉग डब्ल्यू एवढंच समीकरण कोरलं आहे. ह्या रूपात ते प्लँकनं नंतर लिहिलं, पण विचार बोल्ट्झमनचा. मला तरी हे मुलांपासून लपवावं वाटत नाही, गणितापेक्षा ही गोष्ट जास्त लक्षात राहते.

गुर्जी_निवृत्त
खारपाणपट्टा भाऊ, तुमचा प्रश्न ह्या धाग्यातला सगळ्यात चांगला. तेच चार कण घ्या, पण आता दोन वस्तू समजा. अ-ब ही एक, क-ड ही दुसरी. चारही पुंज पहिल्या वस्तूत असतील तर ५ प्रकार. तीन-एक असे असतील तर ८. दोन-दोन असतील तर ९. एक-तीन ला परत ८, शून्य-चार ला ५. बेरीज तीच ३५.

म्हणजे वस्तू-वस्तूंमध्ये पाहिलं तर सारखी वाटणी सगळ्यात जास्त प्रकारांनी होते. आणि त्याच वेळी प्रत्येक वस्तूच्या आत, कणा-कणांत, वाटणी कमी-जास्तच राहते. तवा आणि पाणी सारखे गरम होतात त्याचा अर्थ कणांची सरासरी सारखी झाली. तव्याच्या एकेका अणूकडे किती आहे ते क्षणाक्षणाला बदलते.

खारपाणपट्टा
आता पटलं. सरासरी सारखी, वाटा सारखा नाही. बोऱ्यायचं गणित माह्या घरी सांगत नाही, भाऊ ऐकन तं चारही उचलन. 😄

बारावीचा_पोट्टा
सर एक डाऊट. ३५ प्रकार सगळे सारखेच शक्य आहेत हे कशावरून? चारही एकाकडे जाणं अवघड वाटते.

गुर्जी_निवृत्त
बाळा, चारही "अ"कडेच जाणं हा एक प्रकार आहे, आणि "सगळ्यांना एकेक" हाही एकच प्रकार आहे. दोन्हींची शक्यता पस्तिसात एक. आपल्याला पहिला अवघड वाटतो कारण आपल्या नजरेत तो वेगळा उठून दिसतो. बाकी एकूण ऊर्जा तीच असताना प्रत्येक प्रकार सारखाच शक्य धरायचा, हे ह्या शास्त्राचं मूळ गृहीतक आहे. ते सिद्ध करून मग पुढं जात नाहीत, ते धरून पुढं जातात आणि निघालेली उत्तरं प्रयोगाशी ताडून पाहतात. वायूंची उष्माधारकता, ताऱ्यांचे वर्णपट, सगळीकडे ते टिकलं आहे. मेघनाद साहांचं १९२० चं आयनीभवनाचं समीकरण ह्याच वाटणीवर उभं आहे, ताऱ्याच्या तापमानाला किती अणूंना इलेक्ट्रॉन सोडण्याइतकी ऊर्जा मिळते ते त्यातून निघते.

विज्ञानवेडी
साहांचं नाव निघालं तर बोसही आले पाहिजेत. गुरुजींच्या मोजणीत अ, ब, क, ड वेगवेगळे ओळखू येतात म्हणून ३५. कण अगदी एकसारखे असतील आणि अदलाबदल केली तरी नवा प्रकार धरायचा नसेल तर फक्त ५ उरतात : चार; तीन-एक; दोन-दोन; दोन-एक-एक; एकेक. सत्येंद्रनाथ बोसांनी १९२४ मध्ये ढाक्याला असताना प्रकाशकणांसाठी अशीच वेगळी मोजणी केली आणि तापलेल्या वस्तूतून निघणाऱ्या प्रकाशाचा प्लँकचा नियम थेट निघाला. लेख आइनस्टाइनना पाठवला, त्यांनी स्वतः जर्मनमध्ये भाषांतर करून छापवून घेतला. मोजायची रीत बदलली की निसर्गाचं वेगळं उत्तर येते हे मला अजूनही थरारक वाटते.

अरुणावती
मग मुलांना ३५ शिकवू की ५?

विज्ञानवेडी
३५ च ताई. घन पदार्थातला प्रत्येक अणू आपापल्या जागेला बांधलेला असतो, जागेवरून तो ओळखू येतो. बोसांचं पुढच्या वर्गासाठी ठेवा.

धानपट्टा
माझा एक आक्षेप राहिलाच. धागा म्हणतो एन्ट्रॉपी म्हणजे ऊर्जेची वाटणी. एक डबा घ्या, मध्ये पडदा, एका बाजूला वायू, दुसरीकडे निर्वात. पडदा काढला, वायू दोन्हीकडे पसरला. आदर्श वायू असेल तर तापमान तेच, एकूण ऊर्जा तीच, कोणत्या वेगाचे किती रेणू तेही तेच. तरी एका मोलमागं एन्ट्रॉपी ५.७६ जूल प्रति केल्विननं वाढते, म्हणजे आर (वायू स्थिरांक) गुणिले लॉग दोन. इथं ऊर्जेची वाटणी कुठं बदलली?

मेळघाटी
हा मुद्दा बरोबर आहे आणि म्हणूनच "ऊर्जेची वाटणी" एवढ्यावर थांबू नये. प्रकार मोजताना ऊर्जा कोणाकडे किती एवढंच नाही, कोण कुठं आहे हेही मोजायचं. जागा दुप्पट झाली, प्रत्येक रेणूला दुप्पट ठिकाणं, आणि एका मोलमध्ये रेणू ६ च्या पुढं २३ शून्यं एवढे. लॉग घेतला की तुमचे ५.७६ निघतात.

पुंजवादातून पाहिलं तर हेच ऊर्जेच्या भाषेतही सांगता येते. डबा मोठा झाला की रेणूला परवानगी असलेल्या ऊर्जेच्या पायऱ्या जवळजवळ येतात, तेवढ्याच ऊर्जेत आता जास्त पायऱ्या हाताशी असतात, म्हणून वाटण्या वाढतात. अमेरिकेतले रसायनशास्त्राचे प्राध्यापक फ्रँक लॅम्बर्ट ह्यांनी २००० च्या आसपास पाठ्यपुस्तकातली "अव्यवस्था" काढून "ऊर्जेचं पसरणं" आणा असा मोठा आग्रह धरला होता आणि बऱ्याच पुस्तकांनी तो ऐकला. मला त्यांचं म्हणणं अव्यवस्थेपेक्षा कितीतरी चांगलं वाटते, पण खरी गोष्ट प्रकार मोजणं हीच आहे. पसरणं हा त्याचा परिणाम.

धानपट्टा
प्रकारांच्या मोजणीत जागा धरणार असाल तर माझी हरकत नाही.

कापूसवेचा
भाऊ लोकहो, माठाचं काय झालं? ताईचा पहिला प्रश्न तसाच पडून आहे.

विज्ञानवेडी
घ्या. मी दुपारी कागदावर हिशेब केला.

पाण्याचा एक रेणू पृष्ठभागावरून सुटायला जी ऊर्जा लागते ती २७ अंशाला सरासरी औष्णिक ऊर्जेच्या मापाच्या, म्हणजे केटीच्या (तोच के गुणिले केल्विनमधलं तापमान), साधारण साडेसतरा पट आहे. १५, १०, ६, ३, १ ची उतरण तिथपर्यंत खाली नेली तर ढोबळमानानं चार कोटी रेणूंत एकाकडे तेवढी ऊर्जा असते. चार कोटींत एक फार थोडा वाटतो, पण १८ ग्रॅम पाण्यात ६ च्या पुढं २३ शून्यं एवढे रेणू, त्यामुळे सुटणाऱ्यांची कमी पडत नाही. ४२ अंशाला हेच प्रमाण पावणेदोन-दोन कोटींत एक होते, म्हणजे पंधरा अंशांत दुपटीच्या वर. पाणी तापलं की ओले कपडे लवकर वाळतात ते ह्याच्यामुळे.

तो एक सुटला की स्वतःबरोबर सरासरीच्या कितीतरी पट ऊर्जा नेतो, उरलेल्यांची सरासरी उतरते. पण धडका थांबत नाहीत, उरलेल्यांत परत तशीच उतरण तयार होते आणि पुन्हा कोणीतरी चार कोटींतला एक तयार होतो. सगळ्या रेणूंना ऊर्जा सारखी मिळाली असती तर २७ अंशाला एकही सुटला नसता, माठ थंडच झाला नसता. ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं हे उत्तर.

आता पहिला, एन्ट्रॉपीचा. एक ग्रॅम पाणी उडताना सुमारे २४३० जूल घेऊन जाते. माठातल्या पाण्यानं तेवढी उष्णता दिली म्हणून त्याची एन्ट्रॉपी साधारण ८.१ जूल प्रति केल्विननं घटली. वाफ झालेल्या त्या ग्रॅमची तेवढीच वाढली. इथपर्यंत जमाखर्च सारखा. पण वाफ माठापाशीच थांबत नाही, कोरड्या हवेत पसरते. हवेत आर्द्रता २० टक्के असेल तर ह्या पसरण्यानं आणखी साधारण ०.७४ जूल प्रति केल्विनची वाढ होते. पाणी आणि हवा एकाच तापमानाला असताना सुरुवातीचा निव्वळ नफा एवढाच, आणि सगळा माठ त्या नफ्यावर चालतो. माठातली एन्ट्रॉपी कमी झाली हे मुलीचं बरोबर आहे, फक्त माठ आणि बाहेरची हवा मिळून वाढली.

अरुणावती
म्हणजे जून लागला की कूलर कामातून जातो ते पण ह्याच्यातच आलं?

विज्ञानवेडी
हो ना. हवा वाफेनं भरलेली असली की पसरण्याचा तो नफा शून्य. मे महिन्यात ४४ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असताना ओल्या बल्बचं तापमान (ओलं फडकं गुंडाळलेला थर्मामीटर वाऱ्यात दाखवतो ते) साधारण २३ अंश येते, कूलरचं गवत चांगलं भिजलं असेल तर हवा त्याच्या जवळपास उतरू शकते. पहिला पाऊस पडून ३४ अंश आणि ७५ टक्के झालं की तेच ३० वर येते, मग कूलर नुसता दमट वारा फेकते. खिडकी उघडी ठेवा म्हणतात तेही त्यासाठीच, बंद खोलीत कूलर स्वतःचीच हवा ओली करत बसतो.

खारपाणपट्टा
अवांतर पण कामाचं. आमच्या दर्यापूरकडं बोअरचं पाणी खारं, नवा माठ एक उन्हाळा चांगला चालते आन् मंग बाहेरून पांढरा पडते, थंड करनं सोडते. क्षार छिद्रायमंधी बसतात, पाणी बाहेरच्या अंगाले येतच नाही तं उडन काय. आई बाहेरून नारळाच्या किशीनं घासून घेते, साबण लावू देत नाही, साबण छिद्रात बसला तं वास येते. आन् माठ सावलीत पण वाऱ्याच्या वाटेवर ठेवायचा, कोपऱ्यात कोंडून नाही. ताई तुमचा माठ कोपऱ्यात आहे म्हन्ता, खिडकीपाशी आणा, खाली वाळू ओली ठेवा.

कापूसवेचा
+१, वाळू आमच्याकडं पण ठेवतात.

अरुणावती
उद्याच हलवते माठ. आणि वर्गात पोरांना चार-चारच्या गटात बसवून ३५ प्रकार लिहायला लावणार आहे, खडूचे तुकडे पुंज म्हणून देईन. एक शंका पोरं नक्की काढतील. चार कणांत सगळी ऊर्जा एकाच वस्तूत परत जाण्याची पाळी ३५ पैकी ५, म्हणजे सातात एक. एवढी मोठी शक्यता आहे तर थंड पाण्यातून उष्णता निघून तवा परत तापताना कधीच का दिसत नाही?

गुर्जी_निवृत्त
कण वाढवा. दोन्ही वस्तूंत शंभर-शंभर कण आणि मिळून शंभर पुंज घेतले तर सगळे पुंज पहिल्या वस्तूत सापडण्याची शक्यता ६ च्या पुढं २२ शून्यं एवढ्या वेळांत एकदा. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं, म्हणजे सेकंदांत ४ च्या पुढं १७ शून्यं. दर सेकंदाला एकदा डोकावून पाहिलं तरी विश्वाची लाखाच्या वर आयुष्यं जातील. आणि हे फक्त शंभर-शंभर कणांचं, तव्यात आणि पाण्यात तर १ च्या पुढं २३-२५ शून्यं. दुसरा नियम मोडायला मनाई कोणाची नाही, मोजणीच आडवी येते.

बारावीचा_पोट्टा
सर मी पाच कण आणि पाच पुंज घेऊन केलं. एकूण १२६ आले, सारखी वाटणी त्यातही एकच. बरोबर आहे का?

गुर्जी_निवृत्त
बरोबर. आता त्यातल्या एका कणाची उतरण काढ, कोरडा असलेले किती, एक पुंज असलेले किती, असं पाचपर्यंत.

बारावीचा_पोट्टा
५६, ३५, २०, १०, ४, १. बेरीज १२६ जुळली.